माहीत असलेल्या रस्त्याची चौकशी

नंदकिशोर खांबेटे हा माणूस मुळात लबाड नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुंबईच्या बँकेने त्याला त्र्याण्णव साली तोक्योला पाठवलं, फुनाबोरीत घर दिलं आणि तो बायकोमुलीसह येऊन मुकाट्याने कामाला लागला. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. व्यसन एकच, चालण्याचं. रविवार उजाडला की त्याचे पाय शिवशिवायला लागायचे.

"अहो, एक दिवस तरी पाय घडी करून ठेवा," सुनेत्रा म्हणायची. ती स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे चालायला तयार नसे. आठ वर्षांच्या कौमुदीला तिच्या जपानी मैत्रिणींतून फुरसत नव्हती. आणि नंदकिशोरला एकट्याने चालणं म्हणजे शिक्षा. बोलणं नसलं तरी चालेल, पण शेजारी दुसरी पावलं वाजली पाहिजेत! बरं, कुणाला बोलवावं तर स्वभाव भिडस्त, आणि जपानी येत होतं ते एकच वाक्य: अमुक ठिकाण कुठे आहे?

तेच वाक्य त्याने एका रविवारी आपल्या फाटकाशी कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एका म्हाताऱ्याला ऐकवलं. नदीवरचा पूल खरोखरच सापडत नव्हता. म्हाताऱ्याने झारी खाली ठेवली, टोपी चढवली आणि निघालाच की! हात लांब करून दिशा दाखवणं वगैरे काही नाही, थेट पुलापर्यंत वीस मिनिटं सोबत. तिथे कमरेत वाकून नमस्कार केला आणि आल्या वाटेने परत गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी नंदकिशोरच्या बरोबरीने चाललं होतं. त्याला इतकं बरं वाटलं की पुलावर उभ्या उभ्या डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी हा पठ्ठ्या पुन्हा त्याच फाटकाशी हजर. पूल तर आता कळला होता, म्हणून विचारलं काय, तर स्टेशन कुठे आहे! आठवड्याचे पाच दिवस जिथून गाडी पकडायची, ते स्टेशन. म्हाताऱ्याने टोपी चढवली.

मग चटकच लागली. त्याच्या पुढच्या रविवारी निशी-कासाई नावाची वस्ती, मग आणखी लांबचं एखादं देऊळ. म्हाताऱ्याचं नाव हिरानुमा-सान. पस्तीस वर्षं घरोघरी पायी फिरून गॅसचे मीटर वाचलेले, म्हणजे चालण्यातला जाणकार माणूस. नंदकिशोरचे टाचेला चावणारे कातडी बूट बघून त्यांनी नुसतं चुकचुक केलं आणि खुणांनीच शिकवणी सुरू केली. पहिला अर्धा तास रेंगाळतच चालायचं. भूक लागायच्या आधी खायचं, दमायच्या आधी बसायचं. खिशात मोज्यांचा दुसरा जोड ठेवायचा आणि अर्ध्या वाटेत बदलायचा. मोजे बदलल्यावर पाय कसे नवेकोरे होतात, हे नंदकिशोरने घरी येऊन इतक्यांदा सांगितलं की सुनेत्राने हात जोडले. पण थालीपीठं मात्र ती दोघांपुरती बांधून द्यायला लागली. नदीच्या बांधावर बसून हिरानुमा-सान ती चवीने खायचे आणि बदल्यात आंबट प्लम घातलेला भाताचा गोळा पुढे करायचे.

अकराव्या रविवारी कौमुदी हट्टाने बरोबर आली. नंदकिशोरने नेहमीप्रमाणे गंभीर चेहऱ्याने विचारलं, समुद्राकाठची बाग कुठे आहे?

कौमुदी खळखळून हसली आणि फाडफाड जपानीत म्हणाली, "आजोबा, बाबाला माहीत आहे! मागच्याच महिन्यात आम्ही तिथे सहलीला गेलो होतो. नकाशासुद्धा आहे त्याच्या खिशात."

झालं! नंदकिशोरला शब्द कळले नाहीत, पण पोरीचं बोट थेट खिशाकडे होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. हिरानुमा-सान क्षणभर थांबले, "हं" म्हणाले आणि टोपी चढवून चालायला लागले. समुद्रापर्यंत ते कौमुदीशीच बोलले. आपला जन्म असाकुसातला, तिथल्या देवळामागच्या गल्लीतला, असं काहीबाही. नंदकिशोरकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी फाटक बंद. त्याच्या पुढच्या रविवारीही बंद, आणि कुंड्या सुकलेल्या.

"म्हाताऱ्या माणसाला खोटं बोलून मैलोन्‌मैल चालवलंत! शोभतं का हे तुम्हाला?" सुनेत्रा कडाडली. मग त्याचा पडलेला चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं. "माफी मागून या. लाडू करून देते." कौमुदीने त्याच्याकडून माफीचं जपानी वाक्य घोकून घेतलं. तिसऱ्या रविवारी तो डबा घेऊन गेला, तशाच बंद फाटकाशी तासभर उभा राहिला आणि डबा घेऊन परत आला. ह्या अख्ख्या शहरात आपला एकच माणूस होता आणि तो आपण हाताने घालवला, ह्या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

चौथ्या रविवारी सकाळी आठला घंटी वाजली. दारात हिरानुमा-सान! डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल, खांद्याला चहाचा थर्मास. मुलीकडे सेंदाईला गेलो होतो, कालच परतलो, असं त्यांनी कौमुदीला सांगितलं. ह्या इमारतीचे मीटर त्यांनीच वाचलेले, तेव्हा घर शोधायला कितीसा वेळ लागणार?

नंदकिशोर माफीचं वाक्य आठवू लागला. पण त्याआधीच म्हाताऱ्याने कमरेत वाकून, अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "माफ करा, असाकुसा कुठे आहे?"

"अरे, पण आजोबांचा तर जन्मच तिथला..." कौमुदी म्हणू लागली. सुनेत्राने तिच्या तोंडावर हात ठेवला.

नंदकिशोरने डोळे पुसले, मान हलवली आणि खाली बसून बूट चढवले.

"मोजे!" सुनेत्रा आतून ओरडली. "दुसरा जोड विसरलात!"

तिने मोज्यांबरोबर लाडवांचा डबाही आणून हातात दिला. असाकुसा तिथून चांगलं दोन-अडीच तासांच्या वाटेवर होतं, आणि पहिला अर्धा तास दोघंही रेंगाळतच चालले.