आदी बगू, मंग रडू

बाय कधी थेट घरात शिरायची नाही. आधी उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि घरातल्या एकेकाला हाक मारून दारात बोलवायची. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची, नीट बघायची, मग सोडायची. लहान असो, मोठं असो, घरचा जावई असो. माझं लग्न होऊन वरात दारात आली, तेव्हा मी माप ओलांडायच्या आधी तिनं मुंडावळ्या बाजूला करून माझंही तोंड असंच बघितलं होतं. "हिच्या तोंडावर उपास हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आदी जेवाला घाला, मंग नाव घ्याला लावा." बायका हसल्या. मला मात्र त्या दिवशी सकाळपासून खरंच कुणी जेवणाचं विचारलं नव्हतं.

बाय म्हणजे माझी मोठी नणंद. अंजूरला दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. वाट्याला आलेल्या शेतात ती भात लावायची. आजूबाजूच्या शेतांवर गोदामं उठत होती, तेव्हाची ही गोष्ट. आठवड्यातून एकदा रिक्षानं भिवंडीला आमच्याकडे यायची. मांडीवर पिशवी, पिशवीत सुकट नाहीतर शेवग्याच्या शेंगा. रिक्षावाल्याशी तिचं हिंदी चालायचं. "ए भैया, धीरे चला. मेरेको मरने की घाई नाय." गल्लीत दोन्ही बाजूंना कापडाचे लूम धडधडत असायचे, पण बायचा आवाज त्यावर ऐकू यायचा.

मी तिच्या अगदी उलट. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. घरातलं काही ठरवायचं असलं की सासरे असेपर्यंत सासरे आणि ते गेल्यावर बाय. आमचे हे सुद्धा तिला विचारल्याशिवाय टेम्पोचा टायर बदलत नसत. बाय मला "मुके" म्हणायची. "ये गो मुके, चाय टाक." त्यात टोमणा नव्हता.

कुणाच्या घरात काही वाईट झालं, बायका रडारड करायला लागल्या, की ती हात वर करून म्हणायची, "आदी बगू, मंग रडू." तिला स्वतःला रडताना कुणी बघितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही ती रडली नाही, म्हणून अंजूरला लोक तिला बरंच बोलत.

भावी, माझी मुलगी, दुसरीत होती. पावसाळ्यात तिचा घसा धरला, ताप आला आणि गेला. त्यानंतर पोर बदलली. एकाएकी, जणू रात्रीतून कुणी आणून दुसरी ठेवली. नळाखाली हात धूत राहायची, कातडी सोलवटली तरी थांबेना. "आई, तू मरनार न्हाय ना?" हे दिवसभर. मी नाही म्हटलं की पुन्हा तेच. मग हात आपोआप उडायला लागले, तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. कप हातातून पडायचा. छान अक्षर होतं तिचं, ते कोंबडीनं पाय फिरवल्यासारखं झालं. शाळेतल्या बाईंनी वर्गात उभं केलं, पोरगी नखरे करते म्हणाल्या. शेवटी अन्नात काहीतरी पडलंय म्हणून जेवायचंच सोडलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, बाहेरचं झालंय. कोन गावातल्या एका भगताचं नावही कुणी आणून दिलं.

बाय आली. भावीला दारात नेऊन हनुवटी धरली आणि या वेळी बराच वेळ सोडली नाही. "पोर नाटक करीत न्हाय," ती म्हणाली. "डोल्यात भ्या हाय. आनि भगताचं नाव ज्यानं काढलं त्याला माज्याकडं धाडा."

गल्लीतल्या डॉक्टरांनी घशाचं औषध दिलं, पण फरक पडेना. त्यांनी ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. हे, मी, भावी आणि बाय असे चौघं गेलो. डॉक्टर बाईमाणूस होत्या, बायला लेक असती तर तिच्या वयाच्या. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, भावीला हात पुढे करून धरायला लावलं. मग आमच्याशी सरळ मराठीत बोलल्या. म्हणाल्या, घशातल्या आजाराशी भांडायला अंगात जी ताकद तयार झाली, तिला आपलं-परकं कळेनासं झालंय. ती हिच्या मेंदूवरच उठली आहे. पोर वेडी नाही, हट्टी नाही, आजारी आहे. "स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन बघाव्यात असं मला वाटतं."

तो शब्द ऐकला आणि बाय खुर्चीवरून उठली. "चल गो. उठ. ती गोली मी वलखते."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशी काय, मावशी?"

"माज्या मालकाला दमा होता. कुनी एकदा लिवून दिली, मंग त्यो दुकानातून आनून खात राह्यला. पयल्यांदा बरा वाटला. मंग तोंड भोपल्यासारका, कातडी पापडासारकी. त्याच गोलीनं खाल्ला त्याला."

"गेले तेव्हा घेत होते का?"

"न्हाय. तवा सोडलेली. दम्यासाठी वज्रेश्वरीला जाऊन राह्यलो होतो, गरम कुंडाचं पानी अंगावर घ्याला. देवीकडं जाताना गोल्या नेल्या तर तिला वाटंल आमचा तिच्यावर भरवसा न्हाय. म्हनून मीच त्याच्या पिशवीतून काढून घरात फलीवर ठेवल्या."

"मग?"

"मंग उलट्या लागल्या. उभा राहीना. कुंडाच्या पायरीवर बसला तो बसलाच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, बरीच वर्षं ही गोळी घेतली की अंग स्वतःचं काम विसरतं. मग ती एकदम बंद करायची नसते. कमी कमी करत आणावी लागते. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"न्हाय."

"मग चूक सांगणाऱ्यांची. तुमची नाही."

बाय खाली बसली. तिनं दोन्ही हातांचे तळवे मांडीवर उघडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं स्वतःच नवऱ्याच्या पिशवीत हात घातला होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिला तरी त्याचा अर्थ आत्ता कळत होता.

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन्ही बाजू सांगितल्या. गोळ्यांनी तोंड सुजेल, भूक वाढेल, चिडचिड होईल, दुसरा ताप पटकन लागू शकतो. काही आठवडे द्यायच्या, मग हळूहळू उतरवायच्या, मधे मधे दाखवायला आणायचं. काही डॉक्टर थोडे दिवस थांबून बघा म्हणतील, तेही त्यांनी लपवलं नाही. ह्यांनी सवयीनं बायकडे बघितलं. मीही बघितलं.

"माज्याकडं बगू नका," बाय म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक ऐकला. "माजी भीती गेलेल्या मानसाची हाय. ही पोर जिती हाय. हिची आयो सांगंल."

पदर तोंडाशी धरून मी विचारलं, "न्हाय दिली तर ही अशीच राहील?"

"आपोआप कमी होऊही शकतं. किती महिन्यांनी, ते मला सांगता येत नाही. पण ती जेवत नाही, याची मला काळजी आहे."

"आणि दिली आणि बाधली तर?"

"म्हणूनच तर दाखवायला आणा म्हणते. लवकर कळलं तर सावरता येतं."

भावी माझ्या पदराच्या टोकाला आपलं एक एक बोट पुसत होती. सोललेल्या कातडीतून रक्त येत होतं. "द्या," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर बाय एवढंच म्हणाली, "बोललीस की गो मुके."

ती दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे राहायलाच आली. शेत दिराच्या हवाली केलं. भावीच्या जेवणात मीठ अगदी कमी ठेवायचं होतं, म्हणून बायनं स्वतः मीठ सोडलं. बिनमिठाचा भात, बिनमिठाची आमटी, समोर बसून. भावी म्हणायची, "आत्या, हे घाण लागतं." बाय म्हणायची, "लय घाण लागतं. मांजर पन तोंड न्हाय लावनार. चल, तू एक घास, मी एक घास." शेजारच्या रुखसानाभाभींनी एकदा खीमा पाठवला, तो बायनं हुंगून परत केला. "भाभी, बहोत अच्छा बनाया. गोली बंद होने दे, फिर भगोना लेके आती."

पहिले दिवस वाईट गेले. भावी चावायला धावायची, खायला मागत राहायची. मला वाटलं, माझ्या त्या एका शब्दानं पोरीचं वाटोळं केलं. मी मोरीत जाऊन रडायचे. बाय दाराबाहेरून म्हणायची, "बगून झालं का तुजं? न्हाय ना? मंग भाईर ये." रोज सकाळी भावीला उंबऱ्यावर नेऊन ती तिचं तोंड बघायची. तोंड गोल गोल होत चाललं होतं. काय वाटत असेल तिला, मी कधी विचारलं नाही.

मग एका दुपारी भावी गल्लीत खेळून आली, पायाला धूळ, हात काळे, आणि तशीच ताटावर येऊन बसली. "आई, वाढ." मी सवयीनं म्हणणार होते, हात धू. बायनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो आणि पोर मळक्या हातानं भाकरी खात होती.

बाय त्यानंतर बरीच वर्षं होती. भावी मोठी झाली. मधे एकदा घसा धरला तेव्हा दुखणं थोडं डोकावलं, पण वेळेवर कळलं. बाय गेली तेव्हा भावीनंच तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. पण मला बाय आठवते ती वज्रेश्वरीची.

भावी सुधारल्यावर हे म्हणाले, देवीची ओटी भरून येऊ. गोळ्या उतरवत आणल्या होत्या, पण संपल्या नव्हत्या. निघताना हे म्हणाले, "आता पोर बरी हाय. देवीकडं जाताना गोल्या कशाला?" बाय चपला घालून पुढे निघाली. एस.टी.त बसल्यावर तिनं पदराची गाठ मला दाखवली. आत कागदात गुंडाळलेल्या गोळ्या होत्या.

नवरा गेल्यापासून ती वज्रेश्वरीला आली नव्हती. देवळात ओटी भरली, पाया पडली. मग कुंडाच्या पायरीवर बसून तिनं भावीला बिनमिठाची भाकरी खाऊ घातली आणि पदराची गाठ सोडून गोळी तिच्या जिभेवर ठेवली. पाणी पाजलं. गोळी गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहिली. भावी उठून बापामागे पळाली.

बायनं पायरीवर हात टेकला, जिथे बहुधा तिचा नवरा बसला होता. तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले.

"बगून झालं गो मुके," ती म्हणाली. "आता मना रडू दे."