काळे कपडे घालून ये

अख्ख्या रत्नागिरीत समुद्राकडे पाठ करून समुद्र बघत बसणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. खरंच सांगते! मांडवीचा समुद्र आमच्या खिडकीतून दिसतो, लोक पुण्याहून गाड्या काढून तो बघायला येतात, आणि आमचे घरमालक चाचा खिडकीकडे पाठ करून चार फुटी काचेच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेले. टाकीत जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी मासे, एक मिजासखोर कोळंबी आणि खारं पाणी. तेही चाचांनी पाकिटातलं मीठ कालवून स्वतः बनवलेलं! मला राहवलं नाही, म्हटलं, "चाचा, समोर एवढा समुद्र आहे की!" तर म्हणाले, "त्यात बंदराचं डिझेल आहे गो बाय. हा माझा धुतलेला आहे."

चाचा आयुष्यभर बोटीवर इंजिनरूममध्ये होते, त्यामुळे अजून दर चार तासांनी टाकीचं तापमान वहीत लिहितात. मे महिन्यात लाईट गेली की इन्व्हर्टर टाकीला, आणि चाचा घामाघूम होऊन पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. "मला सवय आहे, त्यांना नाही." जेवायला मात्र रोज बांगडा लागतो, पण खायच्या आधी टाकीवर चादर टाकतात. का, तर "त्यांच्यासमोर बरं दिसत नाही."

चाची गेल्यापासून ते एकटेच. मुलगी मस्कतला, तिचा रोज फोन, रोज तेच. "अब्बा, घर बंद करा, इकडे या. त्या निळ्या डबड्यापायी कशाला एकटे राहता?" डबडं निळं, कारण टाकीच्या निळ्या दिव्यात मोबाईलने काहीही टिपा, फोटो नीळ सांडल्यासारखा. चाचांचा हिशोब सरळ होता, "एक फोटो नीट आला ना, की तिला कळेल मी का येत नाही." त्यासाठी कॅमेरा हवा. स्वस्तातला.

मग काय, मी पेटलेच! कॉलेजची सगळी गँग पुण्या-मुंबईला गेलेली, मी वर लॅपटॉपवर ऑफिस करणारी, आठवडाभर माणसांचे आवाज फक्त हेडफोनमध्ये. सतरा व्हिडिओ बघून मी यादी केली. नवा चांगला कॅमेरा दाखवला, तर "एवढ्यात दुसरी टाकी होईल." लांबचं ओढणारा दाखवला, तर "मासा काय खाडीपलीकडे भाट्याला पळालाय? चार बोटांवर तर आहे!" पाण्यात चालणारा दाखवला त्यावर तर रागावलेच. "मी बाहेर बसणार आणि कॅमेरा आंघोळ करणार?" शेवटी एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडे जुना मिळाला, जवळचं टिपणारा, पांढरा रंग हाताने ठरवता येणारा, म्हणजे निळ्या उजेडातही पांढरं ते पांढरंच दिसावं. त्याने विचारलं, "कोणाचे फोटो काढायचेत?" चाचा म्हणाले, "घरच्यांचे."

तरी निळं उरलंच! तेव्हा मी आमच्या आकाशकंदिलाचा नारिंगी जिलेटीन कागद कापून लेन्सवर ताणला, आणि आईशप्पथ, हिरवा, गुलाबी, जांभळा, सगळे रंग आपापल्या जागी आले! चाचा चष्मा पुसत राहिले.

मग दर रविवारी सकाळी मेसेज, "काळे कपडे घालून ये." कारण काचेत आपणच दिसतो ना. पाणी हलू नये म्हणून टाकीची मोटर बंद, पडदे ओढलेले, काळ्या कपड्यांत आम्ही दोघं चोरांसारखे. चाचांची पांढरी दाढी तरीही काचेत चमकायची, म्हणून तिच्यावर काळा मफलर. दाढी आली की फोटो बाद.

चांगले निवडून मी मस्कतला पाठवले, आणि घाईत एक बादवालाही गेला. मफलर घसरलेला, गुलाबी प्रवाळाच्या मधोमध चाचांची दाढी आणि चष्मा, मागे मी.

रविवारी मुलीचा फोन आला, स्पीकरवर. "अब्बा, किती सुंदर आहे हो! मला माहीतच नव्हतं." चाचांची छाती ही एवढी! "आणि तो दाढीवाला मी मोठा करून भिंतीवर लावलाय."

"अगो, तो खराब आहे!"

"मासे इकडे पण दिसतात, अब्बा."

मग तिने विचारलं, "मागे कोण उभी आहे?"

"आहे एक आपली. रविवारी येते."

"मग बरं आहे," ती म्हणाली, "राहा तिथेच. मी नाही आता मागे लागणार."

फोन ठेवला. मी तर टाळ्याच वाजवल्या, जिंकलो की आपण! चाचा टाकीकडे बघत होते. हळूच म्हणाले, "आता ती बोलवायची नाही गो."

मी मोटर चालू केली.

पुढच्या रविवारी मेसेज आला, "रंगीत घालून ये." खाली गेले तर चाचा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, दाढी विंचरलेली, दिवे चालू, आणि फोटोच्या वेळी खिडकीचा पडदा पहिल्यांदाच पूर्ण बाजूला. "तिला दुसरा पाठवू," म्हणाले, "ह्यात मी नीट दिसलो पाहिजे." मी कॅमेरा धरला. काचेत प्रवाळ होतं, चाचा होते, मी होते, आणि आमच्या मागे खिडकीतला समुद्र, थेट मस्कतपर्यंत गेलेला.

"काढू?"

"थांब जरा," चाचा काचेतल्या समुद्राकडे बघत म्हणाले. "घाई काय आहे?"