घाटाखालची मुशी

जव्हारला बिऱ्हाड केलं तेव्हा आमच्या यांनी पहिली चौकशी विहिरीची केली नाही, वैद्याचीही केली नाही. सामान गाडीतून उतरत होतं तेवढ्यात त्यांनी गाडीवानालाच विचारलं, "इथं माशांची चांगली खाणावळ कुठं आहे?" गाडीवान हसला. मीही हसले. आम्ही समुद्रकाठची माणसं. ताटात मासा नसला तर जेवण झालं असं आमच्यात कोणी म्हणत नाही. त्यातून हे आमच्या गावातसुद्धा खवय्ये म्हणून ओळखले जात. एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे त्यांना मुनीमगिरी मिळाली होती, आणि जंगल होतं जव्हार संस्थानात, म्हणून आम्ही समुद्र सोडून डोंगरावर राहायला आलो होतो.

डोंगरावर ओला मासा कुठून येणार? बाजारात सुके बोंबील, सुकट, खारवलेले तुकडे मिळत आणि मी तेच रांधत असे. पण यांच्या जिभेचे चोचले तेवढ्यावर भागत नसत. सुट्टीच्या दिवशी टोपी घालून बाहेर पडायचं आणि कोणत्या खाणावळीत काय शिजतंय त्याचा शोध घ्यायचा, हा त्यांचा उद्योग. पेठेत एका मुसलमान कुटुंबाची खाणावळ होती. तिथं नदीचे मासे हिरव्या मसाल्यात झकास करतात, असं ते मला सांगत, आणि "आईला बोलू नकोस" असं लगेच बजावत. तिथं जेवल्याचं त्यांच्या आईला कळलं असतं तर तिने गोमूत्राची घागरच डोक्यावर ओतली असती. मी बोलले नाही. नवऱ्याची अशी गुपितं हाताशी असलेली बरी असतात.

त्या थंडीत मला मुलगा झाला. सासूबाई बाळंतपणाला गावाहून आल्या होत्या. बाळंतपण नीट पार पडलं. मूल लहानखुरं पण ठणठणीत होतं, रडायचं तर घर डोक्यावर घ्यायचं. मग मला डोंगरी ताप आला. थंडी वाजून येई, गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजत राहत. ताप उतरला तोवर माझं दूध आटून गेलं होतं. मूल छातीशी ओढ ओढ ओढायचं आणि मग माझ्याकडे बघून किंचाळायचं. बघत कसलं असेल, एवढ्याशा जिवाला काय दिसतं म्हणा, पण मला तसं वाटायचं.

शेळीचं दूध कापसाच्या वातीने पाजून पाहिलं. त्याच्या पोटात ते टिकेना. वैद्याने शतावरी दिली, अळीव दिले. सासूबाईंनी त्या सगळ्याला नाक मुरडलं. त्यांच्याकडे एकच औषध होतं, ते म्हणजे मुशी.

आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला मुशी घालतात. बिनखवल्यांचा, कुरकुरीत हाडाचा हा मासा. त्याचं पातळ कालवण भाताबरोबर दिलं की दूध उतरतं, असं आमच्या बायका पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या आहेत. माझ्या आईने खाल्ली, तिच्या आईने खाल्ली. "अगो, माझी पाच पोरं काय हवेवर वाढली?" सासूबाई म्हणाल्या. "मुशी पोटात गेली की दुसऱ्या दिशी पदर भिजतो का नाय बघ." पण ती ताजी हवी. बाजारात सुकी मिळत होती, पण खारं खाल्लं की उरलंसुरलं दूधही आटतं, असंही त्यांचं ठाम मत होतं. आणि कच्ची मुशी किनाऱ्यावरून आणावी तर घाट चढून येईपर्यंत तिचा असा उग्र दर्प सुटतो की मांजरसुद्धा शिवणार नाही.

तेव्हा सासूबाईंनीच तोड काढली. मासा कच्चा आणायचा नाही, शिजवलेला आणायचा. भरपूर आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घालून केलेलं कालवण थंडीच्या दिवसांत टिकतं. म्हणजे घाटाखाली अशी खाणावळ शोधायची, जिथं समुद्राचा मासा ताजा पोचतो आणि रांधणारा हात आपल्याकडचा आहे. जो माणूस आजवर चैन म्हणून खाणावळी धुंडाळत होता, त्याच्या त्याच उद्योगावर आता पोराचा जीव अवलंबून होता. मी त्यांना इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. टोपीसुद्धा विसरून गेले.

आधी ते पेठेतल्या त्या खाणावळीत गेले. मालक म्हणाला, "मुनीमजी, घाटाच्या पायथ्याला गाड्यांचा तळ आहे ना, तिथं एक कोळीण चूल घालून बसायची. हात सोन्याचा. पण औंदा कुणाच्या तोंडून तिचं नाव ऐकलं नाही. आहे की गेली, खुदा जाने." त्याच वेळी तिथं जेवत असलेला जंगल खात्याचा एक कारकून म्हणाला, खोडाळ्याला आज बाजार आहे, तिथल्या खाणावळीसारखे मासे उभ्या मुलखात मिळत नाहीत, डोळे मिटून जा. हे खोडाळ्याला गेले. समुद्राकडे पाठ करून, उलट्या दिशेला. खात्रीची खाणावळ सोडून बेभरवशाच्या कोळणीकडे कशाला जायचं, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी ते हात हलवत परत आले. खोडाळ्याला नदीचे मासे होते. मळ्ये होते, वाम होती. "वास मातीचा, पण चव काही वाईट नव्हती," असं म्हणाले आणि जीभ चावली. म्हणजे जेवून आले होते! माझ्या अंगात उठण्याची ताकद नव्हती, नाहीतर त्या दिवशी मी नवऱ्यावर तांब्या फेकला असता. "मग तेच का नाही आणलंत?" मी विचारलं. ते सासूबाईंकडे बघू लागले. सासूबाई म्हणाल्या, "चिखलातल्या माशाने दूध येतं का कधी?" नदीचा मासा हा मासाच नव्हे, याबद्दल आमच्या गावात दुमत नाही. यांनी तोंड धुतलं आणि त्याच पावली घाटाकडे निघाले.

आमच्याकडे पाणी भरायला एक वारली बाई यायची. तिचं माहेर पोशेऱ्याचं, नवरा वखारीत कामाला. सातआठ महिन्यांची मुलगी पाठीला झोळीत बांधून ती दोन-दोन हंडे आणायची. ती मुलगी अशी गुटगुटीत की झोळीला बाक यायचा. माझी अवस्था कळल्यापासून ती रोज माझ्यासाठी नागलीची आंबील आणायची आणि सासूबाई ती रोज शेळीला घालायच्या.

हे घाटाकडे गेले त्या दिवशी मुलाचं रडणं बारीक झालं होतं. बाईने हंडा खाली ठेवला आणि दारातूनच म्हणाली, "पोऱ्या भुका आहे गं बाय. माझे अंगाव दूध आहे. दे माझेजवळ."

मी मुलाला उचलून तिच्याकडे धरलं. सासूबाई मध्ये आल्या. "नको," म्हणाल्या. "परक्या अंगाची चव लागली तर पोर आईला तोंड लावायचा नाय. मुशी येतेय. आज-उद्याचा प्रश्न."

"तवर त्याला ऱ्हायला पायजे ना, आजी," बाई म्हणाली.

सासूबाईंनी सांगितलं ते कारण एक आणि मनातलं कारण दुसरं. ते त्या बाईलाही कळलं होतं आणि मलाही. बापाने मुसलमानाच्या खाणावळीत जेवलेलं चालतं आणि लेकराने वारल्याच्या बाईचं दूध प्यायलेलं चालत नाही, हे मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं. मी सांगितलंही. आवाज फुटला की नाही ते आठवत नाही, पण सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं ते असं की जणू मी तापात बरळतेय. त्यांनी मूल माझ्या हातातून घेतलं आणि दार लोटलं. बाई बराच वेळ पडवीत उभी होती. तिच्या पायांची सावली दाराच्या फटीतून मला दिसत होती.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. ती सगळी दुपार त्यांनी मुलाला मांडीवर घेऊन वातीने साखरपाणी पाजलं, त्याचे तळवे चोळले. पुन्हा पुन्हा उठून रस्त्याकडे बघायच्या. "आता येईल, घाट चढला असेल," असं त्याला सांगायच्या, जणू काही तोच मुशीची वाट बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साखरपाणीही घेतलं नाही. ऊन अंगणात यायच्या आत तो गेला. अजून बारसं झालं नव्हतं, त्यामुळे हाक तरी काय मारणार? मी नुसतंच "अरे, अरे" म्हणत राहिले.

शेजारच्या माणसांनी त्याला नेऊन पुरलं. बापाची वाट किती बघायची?

हे आले तेव्हा दिवस कलला होता. पाय सोलून निघालेले, आणि छातीशी फडक्यात बांधलेलं मडकं. दारातूनच सांगू लागले. "आहे, बाई आहे! गाड्यांचा तळ हलला, म्हणून नदीपलीकडे चूल मांडलीय तिने. आपल्या बाजूचीच आहे गं आई, तुला ओळखते. मुशी सकाळची. बाळंतिणीसाठी म्हटल्यावर तिखट वेगळं काढून..." बोलता बोलता त्यांनी पाळण्याकडे पाहिलं. मग मडकं हळूच खाली ठेवलं. ते फुटू नये याची काळजी त्याही वेळी त्यांच्या हाताने घेतली.

पुढचं कोणाला खरं वाटणार नाही. सासूबाईंनी चूल पेटवली, भात टाकला आणि ते कालवण गरम करून माझ्यापुढे ठेवलं. "एवढ्या लांबून आणलंय," एवढंच म्हणाल्या. मी जेवले. मला भूक होती. तापातून उठल्यापासून मी धड जेवले नव्हते. आणि ते कालवण, काय सांगू, फार चांगलं होतं. आगळाचा आंबटपणा, ठेचलेला लसूण, मुशीचं मऊ मांस. माझ्या आईच्या हातचं याच्यापुढे फिकं. मी भात मागून घेतला. जेवता जेवता मला माझी शिसारी आली आणि तरीही मी बोटं चाटली. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यानंतर ते जन्मात कधी कुठल्या खाणावळीत जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझा पदर भिजला.

मुशीने की ताप उतरल्याने, देव जाणे. छाती दगडासारखी झाली, हात लावू देईना. सासूबाई फडकं फाडून बांधायला आल्या, पण गाठ बसेना. तेवढ्यात ती पाण्याची बाई आली. तिने हंडा ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पाठीवरची झोळी सोडली. आपली मुलगी तिने माझ्या मांडीत ठेवली.

सासूबाई हातात फडकं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता. भांडी सकाळीच घासून झाली होती.

ती मुलगी प्यायली. तिचं पोट आधीच भरलेलं होतं, तरी प्यायली, डोळे मिटून, मूठ माझ्या छातीवर ठेवून. माझं दुखणं उतरत गेलं. आणि मला तिचा राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, सासूबाईंचाही नाही. तिला ढकलून द्यावंसं वाटत होतं. तिची आई समोर उकिडवी बसून माझ्याकडे बघत होती, आणि तिला ते कळलं होतं असं मला अजूनही वाटतं. ती मुलीला उचलायला पुढे आली नाही. मीही तिला ढकललं नाही. पोट भरून ती झोपेपर्यंत मी तिला धरून बसले.