शनिवारचा वर्ग कुणी सुरू केला

ज्या बाईचा मी आयुष्यभर हेवा केला, ती माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायची.

आमचं मेडिकल कॉलेजचं ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर होतं, खाली ओपीडीची गर्दी. मी तिथे लागले तेव्हा वैद्यकीय नियतकालिकं छापील यायची आणि त्यांतले लेख शोधायचे सूचीखंड इतके जाड असायचे, की एक उचलायला दोन्ही हात लागायचे. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत मला पुस्तकांचं वर्गीकरण शिकवलं होतं. पण डॉक्टर घाईघाईत 'एमआय' म्हणाला तर तो हृदयविकाराच्या झटक्याबद्दल बोलतोय, हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मला आमच्या ग्रंथपाल सरांनी शिकवलं. सर कन्नडिगा, मितभाषी. दुपारी जेवण झालं की ते मला समोर बसवून एकेक आजाराचं नाव, त्याची दुसरी नावं, तो सूचीत कुठल्या शीर्षकाखाली सापडेल हे कागदाच्या पट्ट्यांवर लिहून दाखवायचे. "अम्मा, आपली पदवी म्हणजे फक्त दरवाजा," ते म्हणत. "आतलं सगळं नोकरीत शिकायचं."

आमच्या पेशात हे नोकरीतलं शिकणं म्हणजे कार्यशाळा. तीन दिवसांची, पाच दिवसांची, कधी दिल्लीला, कधी चेन्नईला. सूचना यायची, सर एकाचं नाव पाठवायचे आणि परत येणाऱ्याच्या हातात एक प्रमाणपत्र असायचं. दिल्लीच्या पहिल्या कार्यशाळेला सरांनी माझंच नाव पाठवलं होतं.

त्याच सुमारास ती पुण्याहून आली. नवरा एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर, त्याच्या बदलीबरोबर ही. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आमचं घराणं बेंगळुरूत तीनशेहून अधिक वर्षं आहे. घरात मराठी बोलतो, पण ते आमचं मराठी. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "स्वल्प थांब, रजिस्टर आणते, सरी?" 'ठीक आहे ना'ला आम्ही 'सरी' म्हणतो. ती हसली. वाईट मनानं नव्हे, पण हसली. "अक्का, तुमचं मराठी किती गोड आहे!" म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर बोलताना प्रत्येक शब्द आधी मनात तपासू लागले. हे लिहितानाही तपासते आहे.

दिल्लीच्या कार्यशाळेला आठवडा उरला असताना माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी सरांना जाऊन सांगितलं, मला जमणार नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा. दुसरी एकच होती. मीच नको म्हटलं होतं, हे मी पुढे सोयिस्करपणे विसरले. मनात एवढंच राहिलं, की माझ्या जागी ती गेली.

ती पाच दिवसांनी परतली आणि आठवड्याच्या आत ते घडलं. भूलतज्ज्ञ डॉक्टर धावत वर आले. एका बाईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, तिला स्नायूंचा दुर्मिळ आजार होता, कुठलं औषध टाळावं याबद्दल जगात कुणी काही लिहिलंय का, हे त्यांना हवं होतं. मी सूचीखंड काढायला उठले. तीच सूची सीडीवर शोधायचं यंत्र नव्यानंच आलं होतं; तिनं त्यावर बसून तीन शब्द टाकले, मग एक काढला, मग दुसरं एक शीर्षक जोडलं. माझा दुसरा खंड उघडायच्या आत तिच्याकडे अकरा लेखांची यादी होती. डॉक्टर तिच्या खुर्चीमागे वाकून वाचू लागले. मी दोन्ही हातांत खंड धरून उभी होते. तो परत ठेवू की उघडू, मला कळेना.

त्यानंतर डॉक्टर दारातून आत आले की आधी तिच्या टेबलाकडे बघायचे. ती नसली तर विचारायचे, "मॅडम आज नाहीत का?" जणू मी मॅडम नव्हतेच.

काही महिन्यांनी ती सरांना म्हणाली, "मी जे शिकून आले ते आपल्यापुरतंच का ठेवायचं? गावोगावच्या नर्सिंग कॉलेजांच्या ग्रंथालयात एकेकच माणूस असतो. त्यांना कोण दिल्लीला पाठवणार? महिन्यातून एका शनिवारी आपल्याकडे बोलावू या." सरांनी लगेच होकार दिला. तशी शनिवारच्या वर्गाची सुरुवात झाली. होसकोटे, कोलार, तुमकूर, कुठून कुठून माणसं बसनं यायची. ती फळ्यापाशी उभी राहायची. माझ्याकडे हजेरीचं रजिस्टर आणि चहा.

मी शेवटच्या रांगेत बसायचे आणि सगळं टिपून घ्यायचे. सोमवारी ती जेवायला गेली की तेच यंत्रावर करून बघायचे. इतक्या वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मला येत नाही हे तिला कळलं असतं.

आणखी एक गोष्ट केली, तीही सांगते. एकदा सर रजेवर असताना हैदराबादच्या कार्यशाळेचं परिपत्रक आलं. मी ते नव्या अंकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आणि अर्जाची मुदत उलटल्यावर बाहेर काढलं. त्या कार्यशाळेला तीही गेली नाही, मीही गेले नाही. दोघींचंही नुकसान झालं, आणि मला बरं वाटलं.

सर निवृत्त झाले. ज्येष्ठ मी, पण प्रमाणपत्रं तिची. ग्रंथपाल ती झाली. मी घरून होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, करून नेल्या. ती म्हणाली, "अक्का, खरं तर ही खुर्ची तुमची." मी म्हटलं, "छे गं, काहीतरीच काय." एवढ्या वर्षांत मी तिच्याशी बोललेलं सर्वांत सफाईदार खोटं. कोविडच्या काळात वर्ग पडद्यावर गेला आणि देशभरातले ग्रंथपाल छोट्या छोट्या चौकोनांत तिच्यासमोर हजर राहू लागले. हजेरी आता संगणकच घेई. माझं तेवढंही काम गेलं.

मग गेल्या वर्षी शहरातल्या आमच्या ग्रंथपाल संघटनेनं एक स्मरणिका काढायचं ठरवलं आणि त्यात वैद्यकीय ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा इतिहास लिहायला मला सांगितलं. "जुनं सगळं तुम्हालाच ठाऊक," असं चिटणीस म्हणाले. मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. अखेर असं काहीतरी, जे माझ्याकडे होतं आणि तिच्याकडे नव्हतं. मी कपाटातून रजिस्टरं काढली, सरांच्या कागदी पट्ट्या काढल्या, कार्यशाळांचे फोटो काढले. दोन महिने दुपारचं जेवण आवरलं की लिहीत बसायचे. छापील सूचीचा काळ लिहिला, सीडीचा लिहिला. मग शनिवारचा वर्ग आला.

लेख इंग्रजीत होता. इंग्रजीत करणाऱ्याचं नाव न घेता वाक्य सहज लिहिता येतं, त्याचा मी फायदा घेतला. 'सरांच्या कारकिर्दीत दर महिन्याला शनिवारी वर्ग भरवण्यास सुरुवात झाली.' एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. तिथे अर्धा तास थांबले, वाक्य पुन्हा वाचलं आणि पुढच्या परिच्छेदाला लागले.

ग्रंथपाल म्हणून मसुदा तपासायला तिच्याकडेच जाणार होता. दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं तो परत दिला. दोन ठिकाणी स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. "छान झालाय, अक्का. सरांबद्दल फार सुंदर लिहिलंय." तिच्या लक्षातच आलं नाही, असं मी ठरवलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण उलट राग आला. स्वतःचं नाव गाळलेलं न कळण्याइतकी ही निर्धास्त!

कोरमंगलाच्या एका सभागृहात प्रकाशन झालं. मी लेखातला काही भाग वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. मग होसकोटेच्या नर्सिंग कॉलेजात नुकतीच लागलेली एक तरुण ग्रंथपाल उभी राहिली.

"मॅडम, तो शनिवारचा वर्ग नक्की कुणी सुरू केला? मला तसाच आमच्याकडे सुरू करायचाय. त्यांना भेटायचं होतं."

"आमच्या सरांच्या काळात सुरू झाला," मी म्हटलं.

"हो, पण कल्पना कुणाची? शिकवायचं कोण?"

ती दुसऱ्या रांगेत बसली होती. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी हातातले कागद नीट केले. सभागृहात निदान दहा माणसं अशी होती, जी त्या वर्गात बसली होती आणि ज्यांना उत्तर माहीत होतं. त्यामुळे मी खरं बोलले यात मोठेपणा काही नाही. मी तिचं नाव घेतलं. कल्पना तिची, शिकवणं तिचं, लेखात ते राहून गेलं ही माझी चूक, असं सांगितलं. सभागृह टाळ्या वाजवू लागलं. तिला उभं राहावं लागलं. माझ्या लेखाला पडल्या त्याहून या टाळ्या लांबल्या, हे माझ्या कानांनी नेमकं टिपलं.

आम्ही दोघी जे. पी. नगरला राहतो, म्हणून एकाच ऑटोत बसलो. सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा मी म्हटलं, "तुझं नाव लेखात राहिलं."

"माहीत आहे. वाचला होता ना मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? 'अक्का, माझं नाव घाला' म्हणून?" ती बाहेर बघत म्हणाली, "राग आला होता मला. खूप. घरी ह्यांना म्हटलं, एवढी वर्षं शेजारी बसून ही बाई मला एका ओळीतही बसवू शकत नाही."

मी मांडीवरची स्मरणिका पिशवीत सरकवली.

"आणि एक सांगू? त्या वर्गाची मला भीती वाटायची. तुमच्यामुळे. तुम्ही मागे बसून सगळं लिहून घ्यायचात, कधी काही विचारायचा नाहीत. मला वाटायचं, सरांनी तयार केलेली बाई, हिला सगळं येतंय, ही माझ्या चुका टिपतेय. शुक्रवारी मी दोन-दोनदा तयारी करायचे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येईल की काय असं वाटलं. "मला काही येत नव्हतं गं," मी म्हटलं. "शिकत होते. तुझ्याकडून."

"मग विचारायचं नाही का?"

"आता विचारते. शोध पुरेसा झाला, आता थांबायचं, हे तुला कळतं कसं? ते मला अजून कळलेलं नाही."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग बोटांवर एकेक मुद्दा मोजत समजावू लागली आणि घर येईपर्यंत थांबली नाही. मला सगळं समजलं. इतकं नीट समजावलं तिनं, की पुन्हा हेवा वाटला.

परिपत्रकाचं मात्र मी तिला सांगितलं नाही. त्या ऑटोत नाही, आणि नंतरही नाही.

होसकोटेचा वर्ग यंदा सुरू झाला. निमंत्रण तिला आलं. तिनं कळवलं, दोघी येऊ. पहिला तास तिचा, दुसरा माझा. मी आजारांच्या नावांवर शिकवलं, आयुष्यात पहिल्यांदा फळ्यापाशी उभी राहून. तास संपल्यावर वर्गाला आलेल्या मुली तिच्याभोवती जमल्या. किती जमल्या ते मी मोजलं नाही, असं म्हणणार नाही. सात होत्या. माझ्यापाशी दोन.

मी डस्टरनं फळा पुसत होते, तेवढ्यात त्या घोळक्यातून तिची हाक आली. "अक्का, इकडे या. ही विचारतेय, क्षयाची जुनी नावं कुठली कुठली. मला नाही सांगता यायची."

खरंच येत नव्हती की मला बोलावायला म्हणाली, ठाऊक नाही. मी डस्टर खाली ठेवला आणि गेले.