भरपूर पाणी प्या

रानातून चालून आलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे आमच्या कामात किस्से चिकटतात. घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं. काही हसत हसत निघतात, काही रक्त काढतात. यंदा दुसरीच जास्त निघाली, हे आधीच सांगते. मागाहून म्हणू नका, हसवायला बसली आणि रडवून उठली!

आमचं काम साधं. गावात जायचं आणि लोकांना विचारायचं, बाबांनो, तुमच्याकडं आजार कुठले, त्यातलं तुम्हाला काय ठाऊक आहे, काय शिकायला हवंय. त्यावरून कुठल्या गावाला वर्षभर कुठल्या विषयाचं आरोग्यशिक्षण द्यायचं त्याचा प्लॅन करायचा. कागदावर ह्याला 'समाजाच्या आरोग्यविषयक गरजांची पाहणी' म्हणतात. आमची जीप चालवणारे पोपटमामा ह्याला 'विचारपूस' म्हणतात. मला मामांचाच शब्द बरा वाटतो.

ऑफिस शिरूरला, काम शिरूर आणि दौंड अशा दोन तालुक्यांत. जीपमध्ये आम्ही तिघं. मी, वैशाली सिस्टर आणि मामा. पुण्यात आमचे साहेब. माणूस वाईट नाही, पण पोस्टरं आधी छापून पाठवतो आणि गरजा मागाहून विचारायला लावतो! भांडून भांडून माझा घसा बसला.

*

पहिलाच दिवस. निमोण्याच्या पुढं एक गाव आहे, नाव विचारू नका. पारावर एक आबा बसले होते. मी वही उघडली.

"आबा, गावात आरोग्याचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?"

"बिबट्या."

मला हसू आलं. "आबा, मी आजार विचारतेय."

"मंग? नरड्याला धरल्यावर कुठला आजार शिल्लक ऱ्हातोय व्हय?"

म्हणणं खोटं नव्हतं. गावाला चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. आदल्या वर्षी एका वस्तीवरून त्यानं दावणीचं वासरू नेलं होतं, तेव्हापासून दिवस मावळला की दारं बंद. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "मॅडम, बिबट्या वनखात्याकडं. आपल्याकडं मधुमेह, रक्तदाब, हात धुणं आणि पाणी पिणं."

मामा गाडी सुरू करत म्हणाले, "मंग बिबट्याला तसं कळवाया पायजे. म्हणावं, तू आमच्या खात्यात न्हाईस!"

*

ज्या वस्तीवरचं वासरू गेलं, तिथंच आमची बायकांची मीटिंग होती. कोंडाबाईंच्या ओट्यावर. कोंडाबाई म्हणजे वस्तीचा आवाज. त्या बोलायला लागल्या की मोटारीचा आवाज कमी पडतो. त्यांची सून रोहिणी दाराला टेकून बसलेली. तिला दिवस गेलेले. ह्याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा पोटातच गेलं होतं, त्यामुळं अख्खी वस्ती ह्या पोरीला जपत होती. कोंडाबाई तर तिला भरली बादली उचलू देत नव्हत्या.

विषय होता पाणी पिणं. वैशालीनं पोस्टर लावलं. हसरी बाई, हातात पेला, खाली मोठ्या अक्षरात 'भरपूर पाणी प्या'. आणि बायका पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या!

मी म्हटलं, "काय गं, हसायला काय झालं?"

एक जण म्हणाली, "ताई, पानी प्यायचं, आन् मंग रातच्याला जायाचं कुठं?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. संडास घरापासून लांब, उसाच्या बांधाला. वाटेला दिवा नाही. म्हणून दुपारचं जेवण झालं की वस्तीवरची एकही बाई पाणी पीत नव्हती. थेट सकाळी. वैशालीनं रोहिणीची लघवी तपासली तर इन्फेक्शन. तिनं कोंडाबाईंना बाजूला घेतलं आणि समजावलं. मावशी, हे अंगावर काढायचं नाही, ह्यानं कळा लवकर येतात, मूल हातचं जातं. गोळ्या वेळेवर द्या आणि तिला दिवसभर पाणी पाजा, संध्याकाळीसुद्धा. रात्री घरातच बादली ठेवा.

"घरात कुठं?" कोंडाबाई म्हणाल्या. "येक तर खोली. तिथंच चूल, तिथंच देव. माझा ल्योक कंपनीत नाईट शिफ्टला. ही रातची भाईर गेली आन् बिबट्यानं हिला धरली, तर दोन जीव जात्याल. त्यापरीस ऱ्हाऊ द्या तहानलेली. पोटातलं तर ऱ्हाईल!"

रोहिणी हळूच म्हणाली, "आत्या, संध्याकाळी अर्धा पेला तरी..."

"गप. तुझ्याच भल्याचं सांगती."

आणि खरंच भल्याचंच सांगत होत्या हो. माझा संताप झाला, पण तो कुणावर काढायचा ते मला कळेना.

*

मधेच पाटसचं सांगते. गळिताचा हंगाम होता, कारखान्याच्या आजूबाजूला ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या होत्या. साहेबांनी विषय दिला, हात धुणं. सोबत साबणाच्या वड्या. वैशालीनं उभं राहून झकास दाखवलं, तळवा असा, बोटांच्या बेचक्या अशा, नखं अशी.

पुढं बसलेल्या बाईनं आपले दोन्ही हात वर केले. उसाच्या पाचटानं मनगटापर्यंत चिरलेले. काही चिरा ओल्याच होत्या.

"ताई," ती म्हणाली, "आधी हाताला कातडं येऊ द्या. मंग धुवाया शिकवा."

वैशालीनं साबण पिशवीत टाकला, मलमाची ट्यूब काढली आणि तिच्या हाताला लावायला बसली. मग दुसरी आली, मग तिसरी. बघता बघता रांग लागली, ट्यूब पिळून पिळून संपली. वैशाली नाक ओढत होती, मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. फोटो साहेबांना पाठवला. तासाभरात उत्तर आलं, "फोटो छान आहे. पण ह्यात साबण दिसत नाही."

*

रोहिणीच्या वस्तीसाठी मी साहेबांना स्पष्ट सांगितलं. इथली गरज पोस्टर नाही. संडासाच्या वाटेला दिवा पाहिजे, नाहीतर घराला लागून संडास पाहिजे. एक बाई पोटुशी आहे, तिला आत्ता पाहिजे.

"मॅडम, तुमची तळमळ कळते मला," साहेब म्हणाले. "पण ते बांधकाम झालं. आपलं शिक्षण आहे."

बरं, बांधकाम तर बांधकाम! मी पंचायतीत गेले. तिथले मेंबर खुर्ची देऊन म्हणाले, "ताई, दिव्याचा खांब मंजूर हाय. निस्ता उभा करायचा ऱ्हायलाय."

दर फेरीला आम्ही वाट वाकडी करून वस्तीवर जायचो. वैशाली रोहिणीला तपासायची. इन्फेक्शन गोळ्यांनी जायचं आणि फिरून यायचं. पोट मात्र छान दिसायला लागलं होतं. रोहिणी मला म्हणाली, "ताई, आतून लाथा मारतंय. ह्यायेळंस ऱ्हाईल, व्हय ना?" मी म्हटलं, "राहणार म्हणजे काय, राहणारच." दुसरं काय म्हणणार?

एकदा गेलो तर अंगणवाडीच्या भिंतीवर आमच्या पोस्टरशेजारी नवं पोस्टर लागलेलं. बिबट्याचं चित्र, आणि खाली 'अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नका'. डावीकडं भरपूर पाणी प्या, उजवीकडं बाहेर पडू नका!

मामांनी दोन्ही वाचली. टोपी काढली, डोकं खाजवलं, परत वाचली.

"ताई," ते म्हणाले, "दोन्ही बराबर हाईत. आता ह्याच्या मधी त्या पोरीनं बसायचं कुठं, त्याचं बी येक पोस्टर काढा म्हणावं."

*

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं एक रिटायर्ड काका राहतात. आयुष्य गेलं रेल्वेत. विषय मधुमेह. मी विचारलं, "काका, घरात कुणाला शुगर?"

"मिसेसला."

"त्यांना बोलवता का? दोन गोष्टी सांगायच्या होत्या."

काकांनी भिंतीकडं हात केला. फोटो होता, हार घातलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठायला लागले, तर काका म्हणाले, "बसा की. मला सांगा. ऐकायचंय मला."

मग काय करणार? मी पत्रक दिलं. काकांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. काय खावं, काय बेतानं खावं. मग पत्रक मांडीवर ठेवून म्हणाले, "म्हणजे केळं द्यायला नको होतं."

"काका, एखाद्या केळ्यानं काही..."

"रोज आणायचो हो. ड्यूटीवरून येताना स्टेशनबाहेरनं. तिला आवडायची म्हणून."

मी परत परत सांगितलं, केळ्यानं नाही गेल्या त्या, तसं नसतं. काका मान हलवत होते. निघताना त्यांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि वैशालीला विचारलं, "जायच्या दोन रोज आधी ती स्वतःच केळं नको म्हणाली होती. मी आग्रह केला. त्याचं काही असेल का?"

*

सातवा महिना सरत आला आणि रोहिणीला कळा सुरू झाल्या. पोटात दुखतंय, अंगात ताप आहे, असं दिवसभर तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. मामांच्या ओळखीची एक गाडी मिळाली, तिच्यातनं दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. रडली म्हणे एकदा. मग नाही.

फोन आला तेव्हा आम्ही जीपमध्ये होतो. वैशालीनं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. मामांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून लांब जाऊन उभे राहिले. मी रडले. चांगली मोठ्यानं रडले, लाज कशाची?

आठवडाभरानं वस्तीवर भेटायला गेलो. रोहिणी माहेरी गेली होती. कोंडाबाई ओट्यावर बसलेल्या. आवाज पार बसलेला, आपण कान पुढं करावा इतका.  वैशाली नुसती त्यांचा हात धरून बसली.

कोंडाबाई म्हणाल्या, "ताई, तो आलाच न्हाई ओ."

"कोण?"

"बिबट्या. रोहिणीला दिवस गेल्यापास्नं वस्तीवर येकदा बी आला न्हाई. माग न्हाई, डरकाळी न्हाई, काय न्हाई. कोंबडं सुदिक गेलं न्हाई कुणाचं."

*

वर्षअखेरीला प्लॅनची मीटिंग. नियमच आहे, पाहणी झाली की गावालाच परत विचारायचं, बायांनो, पुढच्या वर्षी कुठला विषय घ्यायचा ते तुम्ही ठरवा. खांब उभा राहिला होता, त्याला दिवा यायचा होता. साहेबांचा आग्रह होता की मीटिंग कोंडाबाईंच्या वस्तीवरच घ्या, तिथं 'प्रतिसाद चांगला' आहे. माझी जायची इच्छा नव्हती. वैशाली म्हणाली, चल, आपण नाही गेलो तर त्यांना वाटेल आपणही विसरलो.

बायका आल्या. कोंडाबाईसुद्धा आल्या आणि मागं भिंतीला टेकल्या. रोहिणी अजून माहेरीच होती. मी विचारलं, "पुढच्या वर्षी काय शिकवू?"  बांगड्या चाळवत सगळ्या खाली बघत बसल्या.

पुढच्या रांगेत कोमल बसली होती. शेजारच्या घरातली नवी सून. तिला पाचवा चालू होता. ऊन कलायला आलं होतं.

कोंडाबाई मागून उठल्या. गुडघ्यावर हात देत देत पुढं आल्या आणि कोमलसमोर उभ्या राहिल्या.

"जेवल्यापास्नं पानी प्यालीस का गं?"

कोमलनं आपल्या सासूकडं बघितलं. सासूनं मान दुसरीकडं वळवली. कोमल म्हणाली, "न्हाई."

कोंडाबाई आपल्या घरात गेल्या. पाणी घेऊन आल्या आणि पेला तिच्या हातात दिला. ती अर्धा पिऊन थांबली. कोंडाबाई हलल्या नाहीत. तिनं उरलेलंही प्यायलं.  कोंडाबाईंनी रिकामा पेला परत घेतला, पदरानं तिचं तोंड पुसलं.

"रातच्याला उठलीस का मला हाक मार," त्या म्हणाल्या. "कवा बी मार. मी जागीच असती."