थांबलेला ठिपका

सुकलाल सरांशी माझी पहिली भेट नमस्काराविनाच झाली. नंदुरबारच्या आमच्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, त्या सकाळी सरांनी एक काचेची बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “बघा.”

फोडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकावर एक लाल ठिपका धडधडत होता. पंख नाहीत, चोच नाही. तरी धडधडत होता.

“भ्रूणाच्या वरच्या थरापासून मेंदू, खालच्यापासून आतडं. हा मधल्याचा उद्योग. मध्यस्तर,” सर म्हणाले. “रक्त, मांस, हाड त्याचंच. पण आधी हृदय चालू करतो. कुणासाठी, ते अजून तयार व्हायचं असतं.” मी बशीवर आणखी वाकले.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेवर या गौरवअंकात इतर लिहितील; मी कामाच्या पद्धतीवर लिहिते. अंडी ते स्वतः आपल्या गावाहून, कोरीटहून, भुशात घालून आणत. पहिल्या वर्षी मी दुकानातली अंडी उबवणयंत्रात ठेवली. तीन दिवसांनी फोडली तर नुसता बलक. सरांनी सगळ्यांदेखत अहिराणीत ऐकवलं, “ओ बाई, या कोंबड्यास्नी कोंबडा कधी देखाच नही!” वर्ग वर्षभर हसत होता.

एक प्रसंग मात्र हसण्याचा नाही. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सुमित्रा नावाची सातपुड्यातली विद्यार्थिनी आत उभी होती. तिचे वडील बाहेर गाठोडी घेऊन बसले होते. दुपारी ऊसतोडीची गाडी गुजरातला निघणार होती.

“बाई, परीक्षा आजच होईल ना?” त्यांनी विचारलं. “नाही झाली तर पोरगी आमच्यासंगं येईल. पुन्हा नाही पाठवणार.”

रात्रभर वीज नव्हती. अंडी तापीतल्या गोट्यांसारखी गार लागत होती. मी एक फोडलं. ठिपका फिका, निश्चल. मी वहीत ‘भ्रूण मृत, परीक्षा पुढे ढकलावी’ असं लिहायला घेतलं. सरांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

“सुमित्राबाई, कोमट मिठाचं पाणी आणा.”

तिने ते ठिपक्यावर थेंबाथेंबानं सोडलं. काही झालं नाही. आणखी सोडलं. मग ठिपका एकदा हलला. पुन्हा गप्प झाला. मग हलतच राहिला. कुणीही टाळी वाजवली नाही. मी तर एक पाऊल मागे सरकले.

“सर, इतका वेळ ते कुठं होतं?” सुमित्राने हळूच विचारलं.

“ठाऊक नाही,” सर म्हणाले. “ठाऊक नाही ते उत्तरपत्रिकेत लिहायचं नाही. मेलं, असंही नाही. बसा, आकृती काढा.”

माझ्याकडून घेतलेलं पेन सरांनी तिला दिलं; त्यानंच तिने मध्यस्तराची आकृती काढली आणि ती उत्तीर्ण झाली. दुपारची गाडी तिला न घेता गेली. आज त्याच प्रयोगशाळेत ती शिकवते. दरवर्षी पहिलं अंडं उघडताना सर येऊन तिच्या शेजारी उभे राहतात आणि तो प्रश्न ती त्यांना पुन्हा विचारते. सरांचं उत्तर बदललेलं नाही.

सरांच्या छातीतला मध्यस्तराचा हा जुना उद्योग शंभरीपार बिनतक्रार चालो, पाय धड राहोत, नजर सूक्ष्मदर्शकापुरती शाबूत राहो. आणि मधेच कधी तो थबकलाच, तर जवळ असलेल्यांनी आधी पाणी कोमट करावं. वहीत लिहायची घाई करू नये. ते पेन अजून सुमित्राकडेच आहे.