निकोलाचं धुकं

लिपोवारच्या विमानतळावर हवामानाची खोली वरच्या मजल्यावर, कस्टमच्या कचेरीच्या डोक्यावर. नेवेन्काने सगळं आयुष्य तिथे काढलं. नवरा टिकला नाही, मूल झालं नाही, आईशी खटका उडाल्याशिवाय दिवस मावळला नाही. पण दर तासाला खिडकीशी जायचं, वीटभट्टीचं धुराडं दिसतं का, त्यामागचं चर्चचं टोक दिसतं का, टेकडीवरचा मनोरा दिसतो का ते बघायचं आणि किती लांबचं दिसतंय ते लिहायचं, हे तिने कधी चुकवलं नाही. खरं लिहिणं मात्र चुकवलं. वर्षातून एकदा.

त्याचं कारण संत निकोला. तिथे प्रत्येक घराचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी त्या घरी स्लावा असते: मेणबत्ती, गोल गोडसर पाव, अक्रोड-साखरेत घोळलेले शिजवलेले गहू, उपास म्हणून मांसाऐवजी मासा, आणि न बोलावता येणारे पाहुणे. लिपोवारात अर्धं गाव निकोलाचं. त्याचा दिवस येतो ऐन डिसेंबरात, एकोणीस तारखेला, आणि झुरिकचं विमान उतरायचं ऐन जेवणाच्या वेळेला. म्हणजे अग्निशामकवाले, कस्टमवाले, सामान उतरवणारे, सगळे तिथेच अडकलेले, आणि घरी मासा गार होतोय.

ग्वोझ्देन तेव्हा नेवेन्काच्या बरोबरीचा साधा निरीक्षक होता. असाच एका स्लावाच्या दिवशी तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "नेवा, तुला धुराडं दिसतंय का गं? मला तर नाही दिसत."

धुराडं दिसत होतं. त्याच्यावर बसलेला कावळासुद्धा दिसत होता.

"मलाही नाही," ती म्हणाली.

त्या विमानतळावर धुक्यात विमान उतरवायची सोय नव्हती. विमान परस्पर बेलग्रेडला गेलं, लोकांना बसमध्ये कोंबलं, आणि सगळी मंडळी वेळेवर घरी जेवली. पुढच्या वर्षी कुणी विचारण्याचीही गरज पडली नाही. जो कामावर असेल तो लिहायचा. आपसात त्याला 'निकोलाचं धुकं' म्हणत आणि हसत. नदीकाठची दरी ती, डिसेंबरात खरं धुकंही पडायचं; कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. बसमध्ये कुडकुडणारे लोक नेहमी दुसऱ्याच कुणाचे तरी असत.

एका वर्षी ते तिचेच निघाले. धाकटा भाऊ रादोये झुरिकला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होता. आईला चकित करायचं म्हणून न कळवता निघाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरला, हातात आईसाठी घेतलेला लोकरीचा कोट. पाहुणे गेलेले, मेणबत्ती विझलेली.

"काय धुकं होतं म्हणे, ताई!"

नेवेन्काने त्याच्यासमोर कॉफी ठेवली. "फार," ती म्हणाली.

पुढे ग्वोझ्देन साहेब झाला. हुशारीने नव्हे, योग्य वेळी पक्ष बदलला म्हणून. त्याच्याच कारकिर्दीत बेलग्रेडहून धुक्याचा अंदाज सांगणारी नवी यंत्रणा आली. सोबत इसिदोरा नावाची तरुण इंजिनिअर आली, नाकात चमकी आणि बोलण्यात आडपडदा नाही. तिने संगणकाचा पडदा दाखवला: पुढच्या प्रत्येक तासाचा एक चौकोन. हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धुक्याची शक्यता इतकी की येऊच नका. झुरिकला विमान कंपनीच्या टेबलावरही हेच पान उघडणार. लाल दिसलं की ते विमान उडवणारच नाहीत. उगाच आकाशात घिरट्या घाला, इंधन जाळा, लोकांना भलत्या गावी उतरवा, हे सगळं टळेल.

"हे कळतं कसं त्याला?" नेवेन्काने विचारलं.

"तुमच्याकडूनच, नेवेन्काबाई. वारा, दमटपणा, जमीन किती थंड झाली, तारीख कुठली, आणि त्या त्या वेळी तुम्ही खिडकीतून काय पाहिलंत. तुमची इतक्या वर्षांची निरीक्षणं खाऊनच ते मोठं झालंय." तिने डिसेंबरचं पान उघडलं. "निरीक्षणं विश्वासाची आहेत ना? एकोणीस डिसेंबरला धुकं जरा जास्तच दिसतं, म्हणून विचारते."

ग्वोझ्देन खुर्चीत रेलून छताकडे बघत होता. नेवेन्काला त्या क्षणी सांगता आलं असतं. मुलगी रागावली असती, चार शिव्या बसल्या असत्या, तो दिवस यादीतून गेला असता. पण सांगायचं म्हणजे फक्त आपलं नव्हे, सगळ्यांचं सांगायचं. कस्टमच्या म्हाताऱ्यांचं, मेलेल्या सहकाऱ्यांचंही.

"डोळ्यांत तेल घालून लिहिलीत," ती म्हणाली.

"दरी आहे, पोरी," ग्वोझ्देन म्हणाला. "आणि संताची कृपा."

इसिदोरा हसली आणि पुढचं बटण दाबलं.

यंत्रणा वाईट होती असं कुणी म्हणू नये. पहिल्याच हिवाळ्यात तिने कितीतरी विमानांचे हेलपाटे वाचवले. धावपट्टीवर बर्फ धरणार असेल तर औषध मारायला माणसं कधी बोलवायची, हे आदल्या दिवशी कळू लागलं. नेवेन्काही मनातून खूश होती. जे शिकवलं ते यंत्रणा चोख शिकली होती. जे शिकवलं ते सगळंच.

मग आईने अंथरूण धरलं. स्तामेना म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. श्वास अपुरा पडू लागला तरी टोमणा अपुरा पडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस मोजू नका. म्हातारीचं एकच पालुपद: "स्लावाची मेणबत्ती रादोये लावेल. घरचा पुरुष लावतो. तेवढं होऊ दे, मग मी जाते, तुम्ही नाचा."

रादोयेला सुट्टी मिळाली ती नेमकी सणाच्या दिवसापासून. तिकीट काढलं, फोनवर आईला सांगितलं. म्हातारी त्या दिवशी वाटीभर सूप प्यायली.

सणाच्या दिवशी सकाळी नेवेन्का कामावर आली, दिवा लावला, संगणक उघडला. दुपारचे सगळे चौकोन लाल होते.

ती कोट न काढताच बसली. एकेक आकडा तपासला. डोंगराकडून कोरडा वारा सुटणार होता, हवेत ओल नव्हती, धुराडं विटा मोजाव्यात इतकं स्वच्छ दिसत होतं. धुकं यायला कसलंही कारण नव्हतं. एक सोडून: तारीख.

लाल बदलून हिरवा करायची मुभा हवामान अधिकाऱ्याला होती. खाली रिकामी चौकट होती, तिथे कारण लिहायचं आणि सही करायची. तेवढ्यात ग्वोझ्देन आत आला, दाढी केलेला, नवा शर्ट घातलेला. त्याच्याही घरी स्लावा.

"लाल आहे ना? छान. आज खोटं लिहायचेही कष्ट नाहीत."

"मी हिरवा करतेय."

"कारण काय लिहिशील?"

"कोरडा वारा."

"वारा त्याला माहीत आहे, नेवा. वाऱ्यासकट लाल म्हणतंय. तुला एकटीला जास्त कळतं ते कसं, असं विचारतील ना." त्याने तिच्या टेबलाचा कोपरा धरला. "आणि विमानात भाऊ आहे तुझा. भावासाठी आकाश उघडलं म्हणतील. चौकशी लागेल. मग खरं कारण सांगशील? सांग की. तुझी पेन्शन, माझी खुर्ची, खालच्या सगळ्यांच्या नोकऱ्या. लिही."

"आई मरतेय रे माझी."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि टेबलाचा कोपरा सोडला. "पण धुकं पडलंच तर? त्या विमानात बाकीचेही आहेत."

हेच तिच्या वर्मी लागलं. पडणार नव्हतं, हे तिला कळत होतं. पण इतकी वर्षं खिडकीतलं सोडून भलतंच लिहिलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने म्हणायचं, की मला कळतं? तिने लाल चौकोनांखाली सही केली. चौकट रिकामी राहिली.

थोड्याच वेळात रादोयेचा फोन आला. "ताई, विमान रद्द. तिकडे धुकं आहे म्हणतात."

"येणार आहे, असं यंत्र म्हणतंय."

"तू काय म्हणतेस?"

तिने खिडकीतून धुराड्याकडे बघितलं.

"ताई, तू काय म्हणतेस?"

"सही माझीच आहे."

"मग मी बसने निघतो," तो म्हणाला. झुरिकहून बसने म्हणजे उद्याची सकाळ, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती लवकर सुटून घरी आली तेव्हा आईच्या खोलीत पलंगाच्या पायापर्यंत ऊन आलं होतं. गहू, पाव, वाइन, सगळं शेजारणीने मांडून ठेवलेलं. मधे मेणबत्ती, न पेटवलेली.

"कुठाय तो?"

"विमान आलं नाही, आई. धुकं."

स्तामेनाने मान वळवून खिडकीकडे बघितलं. समोरच्या टेकडीवरची एकेक मेंढी दिसत होती. "कुठाय धुकं?"

"यंत्राने सांगितलं."

"जन्मभर आकाशाकडे बघायचा पगार खाल्लास," म्हातारी म्हणाली. "त्या यंत्राला म्हणावं, खिडकीशी ये. मी आंधळी नाही झाले अजून."

उजेड उतरू लागला तसा श्वास लांबू लागला. मेणबत्तीविना मरण म्हणजे त्या लोकांत सगळ्यांत वाईट मरण. शत्रूलासुद्धा कुणी तसा शाप देत नाही. नेवेन्काने काडी ओढली आणि स्लावाची मेणबत्ती लावली.

आईने डोळे उघडले. "आला?"

"मी लावली, आई."

"विझव."

"आई, असू दे ना."

"विझव म्हणते ना. तू नको."

आयुष्यात आईचं न ऐकायला ती कधी शिकली नव्हती. तिने फुंकर मारली. पुन्हा लावली तोवर उशीर झाला होता.

दफनाच्या दिवशीही ऊन होतं. रादोये आदल्या सकाळीच पोहोचला होता, डोळे सुजलेले, शवपेटीत आईच्या खांद्याशी तोच लोकरीचा कोट त्याने ठेवलेला. लोक पांगल्यावर दोघं कबरीशी राहिली, आणि नेवेन्काने त्याला सगळं सांगितलं. कावळ्यासकट.

त्याने मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे ज्या वर्षी मी तो कोट घेऊन आलो होतो, तेव्हाही?"

"हो."

"त्या दिवशी कामावर कोण होतं?"

"मी."

"आणि मला म्हणालीस, फार धुकं होतं."

"म्हणाले."

त्याने पेल्यातली उरलेली राकिया, तिथली फळांची कडक दारू, मातीवर ओतली, रीतच आहे ती, आणि पेला तिच्या हातात दिला. तिच्याकडे न बघता. संध्याकाळी तो परत निघाला. विमानाने गेला, चौकोन हिरवे होते.

नेवेन्काने बेलग्रेडला सगळं लिहून कळवलं. ग्वोझ्देनने तिच्याशी बोलणं टाकलं, खालच्या मजल्यावर ती गेली की कॉफीच्या टेबलावरची बडबड थांबायची, आणि पेन्शनचं काय होणार ते कुणी सांगेना. फोन आला तो इसिदोराचा. तिला वाटलं, पोरगी ओरडेल. इसिदोरा ओरडली नाही. दमल्यासारखी बोलत होती.

"खोटे दिवस काढून टाकते मी. पण सरसकट नाही काढता येत, बाई. डिसेंबरातलं खरं धुकं काढलं, तर यंत्र दुसऱ्या बाजूने चुकेल, खऱ्या धुक्यातही हिरवा दाखवेल, आणि ती चूक जीव घेईल. कुठल्या वर्षी खरंच धुकं होतं आणि कुठल्या वर्षी तुम्ही लोकांनी पाडलंत, तेवढं सांगा."

नेवेन्का फोन कानाला लावून खिडकीशी उभी राहिली. धुराडं, चर्चचं टोक, मनोरा. ती एकेक वर्ष मागे जात राहिली. मासा आठवला, पाहुणे आठवले, ग्वोझ्देनचे विनोद आठवले. पहिल्या वेळचा कावळा आठवला, पण ते वर्ष कुठलं ते नाही; बाकी बाहेर काय दिसत होतं, ते काही केल्या आठवेना. बघायची गरजच कुठे पडली होती?

"बाई? आहात ना?"

"एकच सांगता येईल," ती म्हणाली, आणि रादोये कोट घेऊन आला होता ते वर्ष सांगितलं.